मकसूद पेंटरचं रिकामं ताट

चाकूरच्या बसस्थानकासमोरच्या चौकात उभं राहून वर पाहिलं, की आभाळाच्या आधी माणसं दिसतात. गोलात बसलेली. कुणी हात जोडलेली, कुणी काळा चष्मा घातलेली, एखादा मोबाइल कानाला लावून फार दूरच्या माणसाशी फार महत्त्वाचं बोलत असलेला. या सगळ्यांना गोलात बसवणारा माणूस मात्र त्या चौकात कधी वर दिसला नाही. तो खाली असे, रसवंतीशेजारच्या दहा बाय आठच्या दुकानात, कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर पाठीला बाक आणून बसलेला.

दुकानाचं नाव 'नूर डिजिटल'. माणसाचं नाव मकसूद पेंटर. बावीस-तेवीस वर्षांत त्यांनी ब्रशला हात लावला नव्हता, तरी गावानं पेंटर ही पदवी काढून घेतली नव्हती. फ्लेक्सची मशीन लातूरला. चाकूरला फक्त डिझाइन व्हायचं. मकसूदभाई फाइल पाठवत, छापलेली गुंडाळी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या जीपनं येई आणि चौकटीला ठोकणारे ती परस्पर उतरवून घेत. आपण बसवलेली माणसं मकसूदभाईंना सगळ्या गावाबरोबरच दिसत.

आमचं घर दुकानाच्या मागच्या गल्लीत. मी मराठी घेऊन एम.ए. केलं, त्याचा गल्लीला झालेला एकमेव फायदा म्हणजे बॅनरवरचं शुद्धलेखन बघायला मकसूदभाई मला बोलावत. मी बसून वाचे, ते बसून माणसं कापत. तेव्हा त्यांचं काम पाहता आलं.

त्यांच्या दुकानात माणसाची तीन मापं होती. परात, ताट आणि वाटी.

ही मापं भिंती रंगवायच्या काळातली. तेव्हा भिंतीवर गोल काढायचा तर कंपास कुठला? मकसूदभाई घरून भांडी आणत. नेत्याच्या चेहऱ्याला परात, त्याच्या डाव्या-उजव्या माणसांना ताट, बाकी शुभेच्छुकांना वाटी. त्यांच्या पत्नी दिलशादचाची कणीक मळायच्या आधी परातीचा रंग खरवडत बसत. त्यांच्या परातीच्या काठाला अजून हिरवी रेघ आहे. भिंती गेल्या, फ्लेक्स आले, पण मापांची नावं राहिली. तालुक्याचं सगळं राजकारण या तीन भांड्यांत मावत असे. दुकानाच्या पायरीवर मोठमोठी माणसं आवाज लहान करून म्हणत, "मकसूदभाई, औंदा तेवढं ताटात घ्या की."

वरच्या कोपऱ्यात थोर पुरुष असत. त्यांना सगळ्यांत लहान वाट्या. ते तक्रार घेऊन दुकानात येत नाहीत.

आणखी एक नियम होता. वाटीखाली नाव लिहायचं, ताटाखाली नाही. पहिल्या ओळीतला माणूस सगळ्यांना माहीत असतो असं धरलेलं असतं. ज्याला नाव लागतं तो पहिल्या ओळीतला नव्हे.

गोल कडा काढायची मकसूदभाईंची रीत त्यांची स्वतःची होती. आधी पडद्यावर गोल निवडायचा. निवडला की त्याच्याभोवती तुटक रेघ सरसर फिरू लागते. तिला ते मुंग्या म्हणत. मुंग्या सुरू झाल्या की गोलात पिवळा रंग ओतायचा, काठोकाठ. मग मुंग्यांना थोडं आत सरकवायचं आणि डिलीट दाबायचं. आतला रंग उडून जातो, काठ तेवढा उरतो, आणि काठाच्या आत खालच्या थरावरचा चेहरा उगवतो.

त्यांची मुलगी रुखसार लातूरला कॉम्प्युटरचंच शिकत होती. सुट्टीला आली की तिला हे बघवत नसे.

"अब्बा, स्ट्रोक की कमांड है ना. एक क्लिक में काठ होता. तुम पूरा गोल भरते, फिर खाली करते. कायकू?"

"ऐसाच करना पडता, बेटा," मकसूदभाई पडद्यावरची नजर न हलवता म्हणत. "पहले पूरा भरना. फिर अंदर से खाली करना. तब जाके लीडर बनता."

त्यांचा एकच कडक नियम होता. काम झालं की मुंग्या पांगवायच्या, मगच दुसऱ्या कशाला हात लावायचा. "चालू सोडल्या की काहीतरी खाऊन जातात," असं ते मला सांगत, मी कधीच पडद्यावर काही काढणार नव्हते तरी.

त्या वर्षी जूनमध्ये शिवलिंगआप्पांचा साठावा वाढदिवस होता. आप्पा पूर्वी तालुक्यातल्या दोन-तीन संस्थांचे अध्यक्ष होते. आता कशाचेच नव्हते, त्यामुळे वाढदिवस दरसाल जोरात होत असे. त्यांच्या फ्लेक्सचा तालुक्याला उपयोगही मोठा. वाढदिवस सरला की ते खाली उतरत आणि खेड्यापाड्यांत जात. आमच्याकडची निम्मी सोयाबीन आप्पांच्या हसऱ्या चेहऱ्याखाली कोरडी राहते. दुसऱ्या कुठल्या पुढाऱ्यानं शेतकऱ्याला एवढी सावली दिलेली नाही.

आप्पांचा सगळ्यांत जुना माणूस शेषेराव. चाकूरपासून बारा किलोमीटरवर त्याचं गाव. बावीस वर्षं सभेच्या सतरंज्या त्यानं उचलल्या, माइक आणला, भाषण संपेपर्यंत मागं उभा राहिला आणि संपल्यावर पहिली टाळी वाजवली. प्रत्येक वाढदिवसाला त्याची वाटी असे, शेवटच्या ओळीत, अगदी डाव्या टोकाला. फ्लेक्स चौकटीला ठोकताना खालची वीतभर कड लाकडी पट्टीखाली दुमडावी लागते. शेषेराव बावीस वर्षं त्या पट्टीखाली जात होता. दोनदा खिळा नेमका त्याच्या कपाळातून गेला होता.

ही गोष्ट तो स्वतःच हसत सांगे. त्याची बायको केवळाबाई हसत नसे. तिला मोतीबिंदूनं धड दिसत नव्हतं, पण दरसाल ती चौकात येऊन मान वर करी आणि विचारी, "कुटं हाव तुमी?"

"ते काय, खाली. डाव्या अंगाला."

"तिथं तर लाकूड हाय."

"लाकडाच्या मागं हाव."

"बावीस वर्सं लाकडाच्या मागं बसून काय करायलाव?"

त्या वर्षी साठाव्याच्या बैठकीत आप्पांना भरून आलं. समोर माणसं होती, चहा झाला होता. ते म्हणाले, "ह्या खेपेला शेषेरावला ताट. माझ्या उजव्या हाताला. लिहून घ्या." शेषेरावनं ते तालुकाभर सांगितलं. पाहुण्यांना फोन केले. त्याच आठवड्यात केवळाबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन लातूरला ठरलं होतं. दवाखान्यात जाताना ती दुकानाच्या पायरीवर टेकली आणि मकसूदभाईंना म्हणाली, "पट्टी सुटली की पहिलं तुमचं बोर्ड बघणार हाव मी. आमचं माणूस त्यात दिसलं पायजे. न्हाई दिसलं तर डाक्टरवर नाव घेणार न्हाई, तुमच्यावर घेईन."

"दिसंल, भाभी. मिशीचा एकेक केस दिसंल."

मकसूदभाईंनी शब्द खरा करायचं ठरवलं. शेषेरावचा जुना पासपोर्ट फोटो फेकून दिला. त्याला दुकानाच्या भिंतीसमोर बसवलं, पटका नीट करायला लावला आणि नवा फोटो काढला. मग एक दुपारभर तो कापला. पटक्याच्या घड्या, कानाची पाळी, गालावरचा जुना व्रण. सगळ्यांत जास्त वेळ मिशीनं घेतला. आप्पांचा चेहरा कापायला त्यांना वीस मिनिटं पुरत; त्यांना तो पाठ झाला होता.

बुधवारी संध्याकाळी काम संपत आलं. वीस बाय दहा फुटांची फाइल जुन्या कॉम्प्युटरला झेपत नसे. एखादं बटण दाबलं की त्याचा परिणाम दिसायला एवढा वेळ जाई की मकसूदभाई तेवढ्यात चहाचे दोन घोट घेत. शेषेरावचं ताट त्यांनी सगळ्यात शेवटी केलं. गोल निवडला, पिवळा भरला, आतून पोकळ केला. चेहरा उगवला. त्यांनी मान तिरकी करून पाहिलं. मिशीच्या डाव्या टोकाशी भिंतीचा एक पांढरा ठिपका राहिला होता. ते फोटोच्या थरावर गेले, ठिपक्याशी पोचले, आणि तेवढ्यात लातूरहून मशीनवाल्याचा फोन आला.

"मकसूदभाई, दहावीचा निकाल लागलाय. उद्यापासून तीन दिवस टॉपरच छापायचेत, दुसरं काय बी घेणार न्हाई. पाठवायचं तर आत्ता."

ठिपका निवडलाच आहे असं धरून त्यांनी घाईत डिलीट दाबलं. पडदा हलायच्या आत जतन केलं आणि फाइल पाठवून दिली. मुंग्या पांगवायच्या राहिल्या होत्या. त्या ठिपक्याभोवती नव्हत्या, सबंध ताटाभोवती फिरत होत्या.

गुरुवारी पहाटे फ्लेक्स आला आणि ठोकला गेला. मी दूध आणायला गेले तेव्हा चौकात आठ-दहा माणसं वर बघत होती. मधोमध परातीत आप्पा. डावीकडं तीन ताटं, उजवीकडं तीन. उजवीकडच्या पहिल्या ताटात कुणीच नव्हतं. पिवळी जाड कड होती आणि आत मागचं निळं आभाळ, त्यात एक लहानसा ढग.

मकसूदभाई दुकान उघडायला आले, त्यांनी वर पाहिलं आणि किल्ली हातातच राहिली. "खा गए," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या कुठल्या गावात लोक म्हणाले असते, फोटो छापायचा राहिला. आमच्या तालुक्यात फोटो असा राहत नसतो. इथं वाटीतला माणूस इंचभर खाली सरकला तरी त्याचा अर्थ तीन दिवस चघळला जातो. आणि हे तर आप्पांच्या उजव्या हाताचं ताट.

"जागा धरून ठिवलीय," रसवंतीवाला म्हणाला.

"कुणासाठी?"

"ते कळलं असतं तर रिकामी कामून ठिवली असती?"

नऊ वाजेपर्यंत ठरलं की आप्पा येत्या निवडणुकीत स्वतः उभे राहणार नाहीत. दहा वाजता पलीकडच्या गटातला कुणीतरी मोठा माणूस फुटल्याचं कळलं. अकराला त्या ढगाचा आकार कुणाच्या तरी निवडणूक चिन्हासारखा असल्याचं एकानं दाखवून दिलं आणि चौघांना तो तसा दिसला. व्हॉट्सअॅपवर रिकाम्या ताटाचा फोटो फिरला. परातीतल्या आप्पांकडं कुणी बघत नव्हतं. साठ वर्षांत त्यांचा चेहरा जे करू शकला नव्हता, ते एका भोकानं अर्ध्या दिवसात केलं.

दुपारी दुकानात पहिले आले बालाजी सर. त्यांचे शिकवणीचे क्लासेस होते आणि समाजकार्याची आवड होती. इकडंतिकडं बघून त्यांनी खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून फोटो.

"ते ताट आतून किती इंच आहे हो? सहज विचारतोय."

"सर, ती माझी चूक हाय," मकसूदभाई म्हणाले. "डिलीट चुकून दाबलं गेलं. तिथं शेषेराव होते."

बालाजी सर हसले. वर्गात उत्तर माहीत असलेल्या मुलानं मुद्दाम चुकीचं सांगितलं की हसावं तसं. "आप्पांनी बरं पढवलंय तुम्हाला. शेषेराव! नावसुद्धा असं घेतलं की कुणाला संशय येऊ नये." फोटो कीबोर्डखाली सरकवून ते गेले.

मग आदिनाथ ठेकेदार आला. त्यानं माप विचारलं नाही. पाठीमागं भगभगीत प्रकाश सोडलेला स्वतःचा फोटोच त्यानं मोबाइलवरून पाठवून दिला. मकसूदभाईंनी त्यालाही खरं सांगितलं. तो म्हणाला, "मकसूदभाई, आपलं जुनं नातं हाय. दुसऱ्याला फेका असल्या थापा." संध्याकाळपर्यंत कीबोर्डखाली सात फोटो जमले. मकसूदभाईंनी सातही जणांना खरं सांगितलं होतं. एवढं खरं त्या दुकानात एका दिवशी कधी बोललं गेलं नसेल, आणि एकानंही विश्वास ठेवला नाही.

मधल्या वेळात ते आप्पांच्या घरी जाऊन आले. मी नव्हते, त्यांनी परत आल्यावर जसं सांगितलं तसं लिहिते. आप्पा झोपाळ्यावर बसले होते आणि फोन खाली ठेवायला त्यांना सवड नव्हती. दहा वर्षांत ज्यांनी ओळख दाखवली नव्हती ते लोक बोलत होते. आप्पा प्रत्येकाला एकच सांगत होते, "वेळ आली की कळंल."

मकसूदभाई म्हणाले, "आप्पा, चूक माझी हाय. दोन फुटाचा गोल कुठूनतरी छापून आणतो, चिकटवायला तासाभराचं काम."

"हात लावायचा न्हाई."

"पण आप्पा, शेषेराव..."

"शेषेराव आपला माणूस हाय," आप्पा फार प्रेमानं म्हणाले. "आपल्या माणसाला ताट कशाला लागतंय?"

शेषेराव उन्हं उतरताना आला. चौकात उभा राहिला, कपाळावर हात धरून वर पाहिलं. मग दुकानात येऊन बाकावर बसला.

"मकसूदभाई, माझं डोचकं कुटं गेलं?"

मकसूदभाईंनी सगळं सांगितलं. ठिपका, फोन, मुंग्या. विश्वास ठेवणारा तो दिवसभरातला पहिला माणूस.

"म्हंजे मिशीपायी गेलो म्हणा," तो म्हणाला आणि जरा हसला. "उद्या तिची पट्टी सुटायलीय. सकाळी लातूरला जातो. अकराच्या गाडीनं घेऊन येतो."

"आप्पा हात लावू देईनात."

"लावू नका. तुमचं पोट हाय त्यांच्यावर." तो उठला. "मी तिला गाडीत डाव्या अंगाला बसवतो. बोर्ड उजव्या अंगाला येतंय. उतरलं की रिक्षात घालतो. लोक म्हणतेत नवीन डोळ्याला ऊन लागू देऊ न्हाई, तसं म्हणून पदर घ्यायला लावीन तोंडावर."

तो गेल्यावर मकसूदभाईंनी कीबोर्डखालचे सात फोटो काढले, एकावर एक रचले आणि त्यावर चहाचा कप ठेवला. शेषेरावचा फोटो पुन्हा उघडला. पण छापणार कुठं? लातूरच्या सगळ्या मशीन टॉपर छापत होत्या. ते पडद्यावरच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. मग अचानक खाली वाकून टेबलाखालचं एक पत्र्याचं खोकं त्यांनी ओढलं. त्यात ब्रश होते. केस कडक झालेले, एकमेकांना चिकटलेले. सुट्टीला आलेल्या रुखसारनं घासलेट आणून दिलं.

"अब्बा, आता है क्या तुमको अभी?"

"देखते."

"आप्पा काम नहीं देंगे फिर."

"हौ, नहीं देंगे," मकसूदभाई ब्रश पिळत म्हणाले. "भाभी ने नाम मेरा लेना बोली है, आप्पा का नहीं."

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता चौकात शिडी लागली. शिडी धरायला रुखसार. मकसूदभाई वर चढले तेव्हा खाली पाच माणसं होती. खांद्याला लटकवलेला ऑइल पेंटचा डबा बघून पंधरा झाली. साडेनऊपर्यंत रस्ता अडला. कारण सगळ्यांना कळलं होतं, की आता ताट भरणार.

मकसूदभाईंनी ब्रश डब्यात बुडवला. त्यांनी आधी आभाळावर विटकरी रंगाचा हात फिरवला. ढग गेला.

"रंग सावळा घेतलाय," खालून एक जण म्हणाला.

"बालाजी सर गोरे हायत. कटले."

"सर उन्हात गेल्यावर सावळेच दिसतेत," सरांच्या क्लासमधले एक शिक्षक घाईनं म्हणाले.

मग एक कान आला. कान मोठा होता.

"आदिनाथ! आदिनाथचाच कान हाय ह्यो! लहानपणी गुरुजीनं वढलेला!"

आदिनाथ ठेकेदार गर्दीत मागं उभा होता. तो उगाच केसांवरून हात फिरवू लागला. शेजारच्या दोघांनी त्याला आत्ताच नमस्कार करून घेतला. रसवंतीवाल्यानं त्याच्या हातात फुकट ग्लास दिला.

गालावर व्रण आला. आदिनाथला व्रण नव्हता. रसवंतीवाल्यानं ग्लास परत घेतला नाही, पण बर्फ घालायचा थांबला.

सव्वादहाला आप्पांची गाडी आली. आप्पा तावातावानं उतरले, तोंड उघडलं, आणि त्यांनी गर्दी पाहिली. तीनेकशे माणसं मान वर करून उभी होती. त्यांच्या कुठल्याही सभेला सतरंजीशिवाय एवढी माणसं आली नव्हती. त्यांनी तोंड मिटलं आणि तेही वर बघू लागले.

"आप्पा, कोण हाय हो?" कुणीतरी विचारलं.

"वेळ आली की कळंल," आप्पा सवयीनं म्हणाले. माझ्यासमोरची गोष्ट आहे. त्या क्षणी त्यांनाही उत्सुकता होती.

डोळे आले. बारीक, कडेला सुरकुत्या पडलेले. हे डोळे सगळ्यांनी कुठंतरी पाहिले होते आणि कुठं ते कुणाला आठवत नव्हतं. मग मकसूदभाईंनी पांढरा रंग घेतला आणि कपाळाच्या वर पटक्याची पहिली घडी टाकली.

"पटका?" बालाजी सर मोठ्यानं म्हणाले. "पटक्याचा कोण आहे आपल्यात?"

"मुंबईचा कुणी असंल."

"मुंबईत पटका?"

"मग दिल्लीचा असंल. तिकडं लई पटके असतेत."

अकराला दहा कमी होते. राहिली होती मिशी. मकसूदभाईंनी सगळ्यांत बारीक ब्रश काढला. एकेक केस ते ओढत होते, काळा, मग एक पांढरा, मग पुन्हा काळा. रुखसारनं खालून हाक मारली, "अब्बा, गाडी आई." त्यांनी वळून पाहिलं नाही.

लातूरची एसटी चौकात आली आणि गर्दीत अडकून तिथंच थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. शेषेराव खाली उतरला, केवळाबाईचा हात धरून, तिच्या तोंडावर पदर ओढून. त्याला काही माहीत नव्हतं. त्याला फक्त वाट काढायची होती.

"आवो, एवढी माणसं कामून जमलीत?"

"काय न्हाई. आप्पाचा वाढदिवस. तू खाली बघून चाल."

"पाच दिस झाले खालीच बघायले," केवळाबाई म्हणाली आणि पदर मागं सारला. तिच्या डोळ्यांवर दवाखान्यातला काळा चष्मा होता. तिनं तो वर केला. वर पाहिलं. शिडीवर मकसूदभाई मिशीचं डावं टोक ओढत होते.

केवळाबाई बराच वेळ बघत राहिली. मग तिनं शेजारच्या शेषेरावकडं पाहिलं, पुन्हा वर पाहिलं, पुन्हा त्याच्याकडं. आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आगं माय! लई म्हातारं झालाव की तुमी. मला कुणी सांगितलं बी न्हाई."

तीनशे माना वरून खाली आल्या आणि शेषेरावकडं वळल्या. चौकात पहिल्यांदाच त्याला कुणी समोरून बघत होतं. मग आदिनाथ ठेकेदारानं, व्यवहारी माणूस तो, पुढं होऊन शेषेरावचे पाय धरले. बालाजी सरांनी आप्पांसाठी आणलेला हार त्याच्या गळ्यात घातला. "भाऊ, मला आधीपासून वाटतच होतं," ते म्हणाले. कालपासून मकसूदभाई सातदा जे खरं सांगत होते, ते आता सगळ्यांना आधीपासून माहीत होतं.

आप्पांनी घसा साफ केला. "मी बैठकीतच सांगितलं होतं. शेषेरावला ताट. लिहून घ्या म्हणलो होतो का न्हाई?" टाळ्या पडल्या. पहिली टाळी वाजवायला शेषेरावचा हात सवयीनं वर गेला होता. केवळाबाईनं तो खाली ओढला.

शेषेरावला पुढं काही मिळालं नाही. तीन दिवस लोकांनी त्याला चहा पाजला, चौथ्या दिवशी आप्पांनी आपण स्वतःच उभे राहणार असल्याचं जाहीर केलं, आणि शेषेराव सतरंज्या गोळा करायला गेला. मकसूदभाईंना आप्पांचं काम पुन्हा मिळालं नाही. गणपतीतले शुभेच्छांचे बॅनर थेट लातूरहून छापून आले. तिथल्या मुलानं एका क्लिकमध्ये सगळ्यांना सारखी पांढरी कड मारली होती. परात, ताट, वाटी काही कळत नव्हतं. त्यावरून गटात जी भांडणं झाली ती अजून मिटलेली नाहीत. मकसूदभाईंकडं आता दुकानांच्या पाट्या येतात, हातानं रंगवायच्या. सात फोटो अजून कीबोर्डशेजारी आहेत, चहाच्या कपाखाली.

दसऱ्याच्या सुमाराला त्यांच्याबरोबर मी शेषेरावच्या गावाला गेले. केवळाबाईनं बोलावलं होतं. सोयाबीन काढून शेतात गंज घातली होती, माणसाच्या दीडपट उंच, आणि त्यावर तो फ्लेक्स अंथरला होता. वीस बाय दहा गंजीला मोठा पडत होता, म्हणून तिनं तो दुमडून घेतला होता. वाट्या दुमडल्या होत्या, बाकीची पाचही ताटं दुमडली होती, आणि मधली परात पार आत, सोयाबीनला टेकून गेली होती. वर राहिलं होतं एक ताट. पिवळ्या कडेचा रंग विटला होता. ऑइल पेंट मात्र तसाच होता.

मकसूदभाईंनी गंजीभोवती एक फेरी मारली आणि डोळे बारीक करून वर पाहिलं.

"मिशीचं डावं टोक जरा राहिलंच," ते म्हणाले.

"राहू द्या," केवळाबाई फ्लेक्सच्या कडेवर दगड ठेवत म्हणाली. "खरं बी तसंच हाय."